आधी एक वाक्य लिहा, मग ते खोडायला बसा

‘१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ’ हा एम.ए.च्या प्रबंधाचा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘साथीच्या बातम्या स्पेनच्या वर्तमानपत्रांत उघडपणे आणि ब्रिटन-फ्रान्सच्या पत्रांत हात राखून का?’ हा प्रश्न. थोडं वाचन झालं की त्याचं उत्तर एका वाक्यात लिहून टाका, कच्चं असलं तरी चालेल. मग त्याला छेद देणारा पुरावा मुद्दाम शोधा. ‘बातम्या कमी, म्हणजे साथ सौम्य’ असं लिहिलं असेल, तर युद्धकाळातली सेन्सॉरशिप आडवी येते: स्पेन तटस्थ होता, लढणाऱ्या देशांत छपाईवर बंधनं होती. अशा वेळी मृत्यूनोंदी, इस्पितळांची दप्तरं, खासगी पत्रव्यवहार धुंडाळावा लागतो. प्रत्येक टिपणात ते साधन कोणी, कोणासाठी लिहिलं हेही नोंदवा. (पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा, नंतर तो सापडत नाही.)

एखाद्या इतिहासकाराचं मत खोडायचं असेल, तर आधी ते त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडा. बरेच प्रबंध इथेच लंगडे पडतात: पूर्वसुरींची नुसती जंत्री येते, त्यांच्याशी वाद होत नाही. मूळ वाक्य शेवटी बदललं, तर प्रस्तावना नव्याने लिहा.