सोलर लावताय? आधी एवढं गणित करून बघा

गच्चीवर सोलर बसवायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात, महिन्याला किती पैसे येतील? खरं सांगू, पैसे फार येत नाहीत, बिल वाचतं. आपल्याकडे १ किलोवॅटला वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट पकडून चाला, म्हणजे ३ किलोवॅटला महिन्याला साधारण ३५० युनिट. पण हे सरासरी हं, मार्च-एप्रिलमधे मस्त बनतात आणि जुलैत आभाळ भरून आलं की ॲपमधे दिवसाचे ३-४ युनिट बघून जीव खालीवर होतो, तेव्हा घाबरू नका.

नेट मीटरिंगमधे (म्हणजे सोलरने बनवून ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज एकाच मीटरवर मोजून हिशोब करायची सोय) जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात, ३१ मार्चनंतर जे उरतात त्याचे पैसे मिळतात पण दर अगदी किरकोळ. म्हणून १२ महिन्यांची बिलं काढा, युनिटची बेरीज करा आणि तेवढंच सिस्टिम घ्या, कमाईच्या नादात ५ किलोवॅट नको. तसंही पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या सोलर योजनेची सबसिडी ३ किलोवॅटला ७८ हजार, त्याच्यावर कितीही घ्या तेवढीच. आणि बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

शेजारच्या टाकीची सावली दुपारी कुठे पडते ते मात्र स्वतः गच्चीवर जाऊन बघा, तेही डिसेंबरात, कारण तेव्हा सावल्या लांब असतात. आणि हो, बॅटरी नसेल तर लाईट गेली की सोलरपण बंद!