फेम्टोसेकंद लेझरवर काम करताय? या चुका टाळा

दर जूनमध्ये नवी मुंबईतल्या आमच्या लॅबमध्ये एमएस्सीची नवी मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना आलेख हवा असतो. ही घाई मला मान्य नाही. आमच्या प्रयोगात 'पंप' नावाचा लेझरचा स्पंद रेणूला उत्तेजित करतो आणि 'प्रोब' नावाचा दुसरा स्पंद थोड्या उशिराने त्याची अवस्था पाहतो. हा उशीर वाढवत नेला की सिग्नल कसा घसरतो, त्यावरून उत्तेजित अवस्था किती टिकते ते कळतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी एक विद्यार्थिनी धावत आली. "सर, उत्तेजित अवस्था ९०० पिकोसेकंद टिकते! तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं." डेटावर बसवलेला वक्र, म्हणजे फिट, सुरेख होता. मी म्हटलं, आता पडताळणीसाठी रुथेनियम-बायपिरिडिन या ओळखीच्या संयुगाचं द्रावण लाव. त्याची उत्तेजित अवस्था शेकडो नॅनोसेकंद टिकते, म्हणजे आपल्या २ नॅनोसेकंदांच्या (२००० पिकोसेकंदांच्या) खिडकीत रेषा सपाटच दिसायला हवी. तीही घसरली. उशीर घडवणारी डिले स्टेज म्हणजे आरसे बसवलेला सरकता मंच. २ नॅनोसेकंदांसाठी ती ३० सेंटिमीटर सरकते, कारण प्रकाश जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर चालतो. स्टेजवरचं अलाइनमेंट, म्हणजे किरणाची जुळणी, किंचित तिरकं होतं. स्टेज पुढे गेली की पंपचा ठिपका प्रोबवरून सरकायचा आणि सिग्नल कमी व्हायचा. रेणूचा त्यात काही संबंध नव्हता. तीन आठवड्यांचा डेटा गेला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तीनदा तेच उत्तर येणं हा पुरावा नव्हे. चुकलेलं अलाइनमेंटही दर वेळी तेच उत्तर देतं.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. लेझर आणि एसी सुरू करून दीड तास हात लावायचा नाही. मग सॅम्पलच्या जागी पिनहोल (बारीक छिद्राची चकती) ठेवून स्टेज या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. पलीकडे येणारा प्रकाश बदलला, तर त्या दिवशी मोजणी नाही. पावसाळ्यात दार उघडं टाकणाऱ्यावर मी खरोखर रागावतो, कारण तापमान हललं की आरसे हलतात.

शून्य वेळेजवळचा, म्हणजे दोन्ही स्पंद एकदमच पोचतात तिथला, टोकदार उंचवटा "नवी अवस्था" म्हणून लिहू नका. तिथे सॉल्व्हंट (द्रावक) आणि क्युव्हेटची, म्हणजे द्रावणाच्या कुपीची, काचही सिग्नल देते. नुसत्या सॉल्व्हंटचं मोजमाप वीस मिनिटांत होतं, ते टाळू नका. पांढऱ्या प्रोबमधला लाल प्रकाश आधी आणि निळा नंतर पोचतो, या फरकाची दुरुस्तीही सॉल्व्हंटच्या त्याच मोजमापातून मिळते.

पंपची शक्ती निम्मी करून पाहा: सिग्नल निम्मा व्हावा, घसरणीचा आकार बदलू नये. रेणू बिघडला नाही ना हे पाहायला प्रयोगाआधी आणि नंतर शोषण वर्णपट घ्या, द्रावण ढवळत ठेवा. पंप-प्रोबच्या ध्रुवीकरणाच्या दिशांत ५४.७ अंशांचा कोन ठेवा, म्हणजे रेणूंच्या फिरण्याचा परिणाम मोजणीत मिसळत नाही.

अंगठी, घड्याळ, बांगड्या बाहेर काढून या. ८०० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला मंद लाल दिसतो, म्हणून तो दुबळा समजू नका. गॉगल लावा, आणि खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकण्याआधी शटर बंद करा.