पैलवान मातीत बुडत होता, त्याची गोष्ट

कोल्हापूरच्या खासबागेसारखा कुस्तीचा आखाडा गेममध्ये करत होतो. पैलवान नुसता उभा राहिला तरी गुडघ्यापर्यंत आत! चूक साधीच: हाइटमॅपमधून (म्हणजे मातीच्या एकेका खणाची उंची ठेवणाऱ्या तक्त्यातून) दर फ्रेमला पायाची खोली वजा होत होती, सेकंदाला ६० वेळा. आता वजाबाकी बंद. मातीची आणि तळव्याची उंची यांतली कमी असेल ती ठेवतो.

पण ठसा बिस्किटाच्या साच्यासारखा दिसायला लागला. मग दाबलेली माती मोजून कडेला टाकली, आणि शेजारच्या खणांतला उतार ३४ अंशांच्या वर गेला की थोडी ओघळवली. हा कोन कोरड्या वाळूचा. तालमीतली ताक-तेल पाजलेली लाल माती चिकट, म्हणून अंदाजाने ४५ केला. ठशाला कड आली.

वस्तादांना दाखवलं. म्हणाले, "माती अजून कोरडीच दिसत्या की रं!"