झाडं लावायला निघालाय? आधी मान वर करा

मे महिना लागला की आमच्याकडं दोन तयाऱ्या सुरू होतात, एक कौलं-पत्रे बघून घ्यायची आणि दुसरी झाडं लावायची. यंदा दुसऱ्या तयारीसाठी चार मंडळांचे फोन आले, अण्णा, झाडं लावताना काय काय बघायचं त्याची तुमच्याकडं यादी हाय म्हणं, धाडा की. यादी आहे. पण तिच्यातली पहिली गोष्ट आमच्याकडून सुटली होती म्हणूनच ती यादी झाली, तेव्हा निदान तेवढी नीट वाचा, बाकीचं तुम्हाला माहीतच असणार.

मान वर करा. खड्ड्यासाठी चुन्याची खूण करायच्या आधी त्या जागेवर उभं राहा आणि वर बघा. तारा आहेत काय?

आम्ही खाली बघत होतो. सात वर्षांपूर्वी बेळगावात टिळकवाडीच्या पलीकडं एका लेआउटमधल्या बागेच्या कडेनं मंडळाच्या पोरांनी 31 झाडं लावली, बहुतेक जांभूळ आणि करंज, चार सोनमोहर, आणि एकानं हौसेनं आणलेला रेनट्री. माती बघितली, खड्डे टेप लावून मोजले, शेणखत गाडीभर आणलं, आणि 31 पैकी 29 जगली, म्हणजे छाती फुगवून फिरत होतो आम्ही. सहाव्या वर्षी मे महिन्यात दोन वळीव झाले, दोन्ही वेळा फांद्या तारांवर घासून ठिणग्या उडाल्या, सगळी गल्ली अंधारात. तिसऱ्या दिवशी सकाळी लाईनमन शिडी, कोयता, करवत घेऊन आले आणि दुपारच्या जेवणापर्यंत रस्त्याकडची अख्खी ओळ अर्धी करून गेले. जांभळांना तेव्हा फळ धरलेलं, हिरवं, थोडं लालसर झालेलं, ते डांबरावर सगळीकडं पसरलेलं आणि शाळेची सुट्टी म्हणून पोरं त्याच्यावर चप्पल घासत सायकली फिरवत होती. झाडं अर्धी मिशी काढलेल्या माणसासारखी दिसायला लागली. लाईनमनला शिव्या घालायला आम्हीच पुढं होतो, पण त्यांचं काय चुकलं ओ? बहुतेक तारा आधीपासून तिथंच होत्या, आम्हीच नंतर गेलो त्यांच्याखाली. आणि ते तेवढ्यावर थांबलं नाही. एका बाजूच्या फांद्या गेल्या म्हणजे सगळा भार बागेकडं, जुलैच्या झडीत माती भिजली आणि एक जांभूळ रात्रीत मुळासकट घसरगुंडीवर आडवं झालं. रात्री झालं म्हणून निभावलं. संध्याकाळी सहाला तिथं किती पोरं असतात ते मला माहीत आहे, त्यात माझी नात पण असते.

जास्त लाज कशाची वाटली माहीत आहे? आमचंच मंडळ शिवजयंतीच्या चित्ररथाची उंची दहा वेळा मोजतं, कुठल्या चौकात तार किती खाली आलीय ते पोरांना तोंडपाठ आहे, गणपती आणताना दोघं बांबू घेऊन पुढं चालतात आणि केबलच्या तारा उचलून धरतात. वर्षातून दोनदा वर बघणारी माणसं आम्ही, आणि झाड लावताना कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रोप कमरेएवढं असतं म्हणून.

आता वर बघायचं म्हणजे कसं, तेही सांगतो, कारण नुसतं "बघितलं की" म्हणणारे भेटतात. गल्लीतला खांब साधारण आठ-नऊ मीटरचा, त्यातला दीड मीटर जमिनीत, म्हणजे तार एकवीस ते चोवीस फुटांवर आली, मध्ये झोळ असतो तिथं त्याहून खाली. जांभूळ ही उंची पाच-सहा वर्षांत गाठतंय, त्याला काय तुमची परवानगी लागत नाही. पण नुसती उंची नाही, पसारा. झाड तारेच्या बरोब्बर खाली नाही म्हणून सुटलो असं नसतं, फांद्या बाजूला येतात आणि वाऱ्यात आणखी चार फूट झुलतात. म्हणून मंडळाचा पंधरा फुटी बांबू घ्या. सगळ्यात बाहेरच्या तारेच्या खाली जमिनीवर खूण करा, तिथनं बांबू आडवा टाका, जमिनीवर, वर करायचा नाही, तारेला तर अजिबात लावायचा नाही, ओला बांबू करंट धरतो. बहावा, तामण अशा मध्यम झाडाला एक बांबू अंतर. जांभूळ, करंज, आंबा, कडुनिंब यांना दोन बांबू. वड, पिंपळ, रेनट्री गल्लीत नकोच, मोठं मैदान असेल तर मैदानाच्या मध्ये. कॅम्पातले जुने वृक्ष बघून हौस येते हे कबूल, पण तिथं रस्ता केवढा आणि आपली गल्ली केवढी. आणि तारांच्या खालीच जागा उरली असेल तर पारिजातक, कढीपत्ता, शंकासूर, डाळिंब लावा, फार तर कांचन, त्याला दोन वर्षांतून एकदा कात्री लागेल. बिट्टी आणि कण्हेर पण उंचीला बसतात, पण दोन्ही विषारी आहेत, पोरं खेळतात तिथं नको.

अजून एक, ज्यात शहाणी माणसंही फसतात. समोर रिकामे प्लॉट आहेत, वर आभाळ मोकळं आहे, म्हणून खूश होऊ नका. शेवटचा खांब कुठाय ते हुडका, लाईन कुठल्या दिशेनं येऊन थांबलीय ते बघा आणि मनात पुढं ओढा. घरं झाली की ती तिकडनंच येणार. आमच्या 31 पैकी सहा झाडं लावताना वर खरंच काही नव्हतं, तारा चौथ्या वर्षी आल्या. टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असेल तर त्याच्या आजूबाजूला काहीच लावू नका, वेलसुद्धा नको. स्ट्रीटलाइटचा उजेड झाकला तर लोकच कापा म्हणून अर्ज देतात, तोही खांब मोजून घ्या. पिळलेली काळी केबल टाकली असेल तर उघड्या तारांपेक्षा बरं, तरी घासून घासून तीही सोलते.

नंतर दुरुस्त करू असं म्हणू नका. झाड एकदा मोठं झालं की ते तोडायला बहुतेक वेळा वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, कर्नाटकाचा 1976 चा झाडं राखण्याचा कायदाच आहे तसा, आणि तो असावाच. तुम्ही लावलंय म्हणून तुम्ही काढाल असं नाही. म्हणजे चूक फुकटात सुधारायची वेळ एकच, चुना टाकायच्या आधी.

जागेची परवानगी. बाग महापालिकेची आहे, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) आहे की अजून लेआउटवाल्याच्याच नावावर आहे ते आधी विचारा, लेआउटचा नकाशा मागून घ्या, त्यावर ती जागा उद्यान म्हणून दाखवलीय का बघा. उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा राखायचा 1985 चा कायदा आहे आपल्या राज्यात, त्याचा आधार कधी ना कधी लागतो, कारण झाडं जरा वाढली की कुणाला तरी तिथं हॉल बांधायची स्वप्नं पडतात. अर्ज कन्नडमध्ये लिहा. त्यावरनं वाद घालायला दुसऱ्या जागा आहेत, इथं जून जवळ आलाय. आमच्याकडं एक रिटायर्ड मास्तर आहेत, ते दहा मिनिटांत लिहून देतात आणि चहा पण घेत नाहीत. पोचपावतीचा शिक्का घ्या. अर्जासोबत हातानं काढलेला नकाशा जोडा आणि त्यात खांब आणि तारा दाखवा, हो परत तेच, कारण नकाशा काढायला बसलं की मान आपोआप वर होते. ओळीत पाण्याचा किंवा केबलचा पाइप गेलाय का तेही तेव्हाच विचारून घ्या. स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत बेळगावचं नाव आलं 2016 ला, त्यानंतर रस्त्यांच्या कडेला जमिनीखाली काय काय पुरलंय ते खोदल्याशिवाय कळत नाही.

खड्डे. दोन बाय दोन बाय दोन फूट. आपल्याकडं लाल मातीत फूटभर गेलं की मुरूम लागतो आणि पहार टणाटण उडते, म्हणून पहिला वळीव पडला की दुसऱ्या दिवशी खणा, निम्मे कष्ट. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या, भरताना वरची तळात जाते. आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या. रात्री खड्ड्याभोवती काहीतरी लावा, नाहीतर गाय पडते आणि मग मालक शोधत येतो. वडगाव-येळ्ळूर शिवाराकडं भाताची चिकट जमीन आहे, तिथं खड्डा म्हणजे हौद होतो, तळात वीटतुकडे घाला आणि रोप उंचवट्यावर बसवा. अथणीकडचे विचारत होते त्यांच्यासाठी, तुमच्याकडं पाऊस आमच्या निम्म्याहून कमी, तुम्ही उलट आळं खोल ठेवा आणि जांभळाचा नाद सोडून कडुनिंब, चिंच, बोर बघा. खानापूरवाल्यांना काय सांगायचं, त्यांच्याकडं काठी रोवली तरी पालवी फुटते. तारा मात्र त्यांच्याकडंही आहेत.

रोपं. वन खात्याच्या रोपवाटिकेत जूनमध्ये कमी पैशात मिळतात, नंबर लावा. 8 बाय 12 इंची पिशवी घ्या, त्याहून लहान घेऊन रस्त्याकडेला लावणं म्हणजे शेळ्यांना आमंत्रण. पिशवीच्या तळातनं मूळ बाहेर येऊन जाडजूड झालं असेल तर ते नको. फुकट मिळतंय म्हणून रेनट्री, गुलमोहर ट्रॅक्टरभर आणू नका, गुलमोहराची फांदी वळवात काडीसारखी मोडते, आणि मोडून कशावर पडते? तारेवर. आधी जागा, मग तिथल्या उंचीचं झाड, मग गाडी. आम्ही उलट केलं होतं, आधी गाडी.

लावायचा दिवस मिरग लागल्यावर दोन चांगले पाऊस झाले की धरा. 5 जूनला, पर्यावरण दिनाला, कार्यक्रम करायचा हट्ट असेल तर करा, पण पाऊस नसेल तर त्या दिवशी एकच लावा आणि बाकीची नंतर. पाहुण्यांचं झाड हा वेगळाच विषय आहे. पाहुणे गेटपाशी थांबतात, फोटो गेटपाशी चांगला येतो, आणि गेटपाशीच खांब असतो. आमच्या ओळीतलं सगळ्यात भादरलेलं झाड कुणाचं ते मी सांगणार नाही, फलक अजून आहे. पाहुण्यांसाठी खड्डा तुम्ही निवडून ठेवा, आत, बांबू टाकून मोजलेला, आणि तिथपर्यंत सतरंजी घाला, येतात बरोबर चालत.

लावताना पिशवी कापून काढा, हे सांगावं लागू नये पण लागतं, मागच्या वर्षी एका ठिकाणी पिशवीसकट लावलेली बारा झाडं मी बघितली. माती पायानं दाबा, आधाराची काठी द्या, बांधायला जुन्या साडीची पट्टी, सुतळी नको, सुतळी सालात रुतते. निंबोळी पेंड मूठभर, वाळवीसाठी. वाढदिवसाचं झाड, आजोबांच्या आठवणीचं झाड असं करून एकेका घराला एकेक नेमून द्या, त्याचा उपयोग पुढं पाण्याला होतो.

रोपाभोवतीचं गार्ड लोखंडी असेल तर तिसऱ्या वर्षी काढा, विसरलात तर झाड ते गिळतं.

पाणी. दसऱ्यापासून पुढच्या मिरगापर्यंत, आठवड्यातनं दोनदा, एका झाडाला एक बिंदगी, म्हणजे घागरभर. निदान दोन उन्हाळे. एप्रिलमध्ये राकसकोप धरणाची पातळी खाली गेली की घरातच पाण्याचे वांधे होतात, तेव्हा बागेला बोअर आहे का आणि तिची किल्ली कुणाकडं आहे ते आत्ताच विचारून ठेवा. बुंध्याशी पालापाचोळा घाला, जाळू नका. पेव्हर बसवायला माणसं आली की बुंध्याभोवती सगळीकडनं मीटरभर जागा मोकळी सोडून घ्या, तिथं उभं राहूनच, सांगून गेलात तर परत येईपर्यंत सिमेंट झालेलं असतं.

छाटणी दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये, बारीक असतानाच, म्हणजे मे महिन्यात कोयता यायची वेळ येत नाही. जाड फांदी आधी खालून अर्धवट कापायची, मग वरनं, नाहीतर सालीसकट फाटत येते. तारेजवळची असेल तर तुम्ही नाही चढायचं, लाईन बंद करून देणाऱ्यांना बोलवा.

कुदळ, खोरं, बादल्या, चहा हे लिहीत बसत नाही. आमच्या राहिलेल्या झाडांपैकी रस्त्याकडची अर्धीच आहेत अजून, बागेच्या आतली मात्र जोरात आहेत, यंदा जांभळं चांगली लागलीत. बांबू मंडळाच्या खोलीत दारामागं उभा आहे, पंधरा फुटी, ज्याला लागेल त्यानं घेऊन जा, फक्त गणपतीच्या आधी परत आणून द्या.