दादागिरीची गोष्ट लिहिताना आधी बाक मांडा

कुमारांसाठी शाळेतल्या दादागिरीवर कादंबरी लिहायची असेल, तर वहीच्या एका पानावर आधी वर्ग काढा. पट पन्नासचा असला तरी नावं सात-आठ जणांनाच द्या. प्रत्येकापुढे लिहा: मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खातो, वही कुणाची मागतो, कुणाला बिचकतो. अर्धं कथानक इथेच सापडतं.

भांडण आणि दादागिरी यांत गल्लत करू नका. या विषयाचे अभ्यासक दान ऑल्व्हेयस तीन खुणा सांगत: त्रास देण्याचा हेतू, तोच त्रास पुन्हापुन्हा होणं आणि दोघांच्या ताकदीतली तफावत. म्हणून एका प्रसंगावर भागत नाही. मोठ्यांच्या लक्षात येण्याआधी निदान तीन प्रसंग घडू द्या, आणि तेही बारीक.

समजा, नववीत वर्षाच्या मध्यात एक मुलगा आला. बाक भरलेले, म्हणून त्याला स्टूल मिळालं. कुणीतरी ‘स्टेपनी’ म्हणालं, वर्ग हसला, तोही हसला. पुढच्या आठवड्यात एका बाकावर जागा झाली, पण तो येताना दिसताच तिथे दप्तर ठेवलं गेलं. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या टायरचा फोटो आला. खाली हसऱ्या इमोजींची रांग, आणि त्यात एक रोज त्याच्यासोबत घरी जाणाऱ्या मुलाचा. कुणी हातही लावला नाही, तरी पोटात खड्डा पडतो.

तो शेवटचा इमोजीच खरी कादंबरी आहे. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दादागिरीतल्या सहा भूमिका मांडल्या: छळणारा, त्याचा साथीदार, हसून चढवणारा, बाजूला राहणारा, पाठीशी उभा राहणारा आणि सोसणारा. निवेदन हसणाऱ्याकडे किंवा गप्प राहणाऱ्याकडे देऊन पाहा. अपराधाची टोचणी आपसूक येते.

फसतं कुठे? नायक शेवटी ठोसा मारतो आणि सगळं मिटतं, तिथे. दादाचा बाप दारुडा दाखवून हिशेब चुकता केला जातो, तिथे. सर भाषण देतात, तिथेही. आजच्या गोष्टीत सरांनी छडी उगारली तर ते सहज म्हणून लिहू नका: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे.

संवाद आठवी-नववीतल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. वाचताना जीभ अडखळली किंवा ‘असं कोण बोलतं?’ आलं, की ते वाक्य तिथल्या तिथे खोडा.