बगीच्यातला बाक कोणी मुद्दाम तोडला, तर तक्रार कशी करावी

नागपुरात अशी तक्रार बहुधा पहिल्याच पायरीवर अडते, कारण मोडलेली वस्तू कोणाची हे तक्रारदारालाच ठाऊक नसते. बगीचा महानगरपालिकेचा असू शकतो किंवा नागपूर सुधार प्रन्यासाचा. रस्त्यावरचा पथदिवा सहसा महापालिकेचा, तर शेजारचीच विजेची डीपी (वितरण पेटी) महावितरणची. वर्धा रोडवरच्या मेट्रोच्या खांबाची जबाबदारी महामेट्रोची. त्यामुळे आधी फलक किंवा खांबावरचा क्रमांक पाहावा आणि मालक कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. महापालिकेचे दहा झोन आहेत. अर्ज आपल्याच झोनमध्ये द्यावा.

दुसरी गोष्ट हेतूची. गंजून पडलेला बाक आणि दगडाने ठेचलेला बाक यांत कायदा फरक करतो, म्हणून काय दिसले तेवढेच लिहावे: वेळ, जागा, हत्यार, किती जण होते. तर्क लिहू नये. मोबाइलवर चित्रण केले असेल तर मूळ फाइल जपावी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत आकाराने आणि तपशिलाने उणी होते. चित्रणासाठी तोडणाऱ्यांच्या अंगावर धावून जाऊ नये. प्रकार चालू असेल तर 112 वर फोन करावा. वस्तीच्या ग्रुपवर चेहरे टाकण्याचा मोहही आवरावा, कारण त्यांत अल्पवयीन मुलगा निघाला तर त्याची ओळख उघड करणे हाच गुन्हा होतो.

पोलीस ठाण्यात मात्र कायद्याचे नाव घेऊन बोलावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खालची साधी आगळीक (मुद्दाम केलेले नुकसान) बऱ्याचदा अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी, म्हणून नोंदली जाते आणि प्रकरण तिथेच थंडावते. म्हणून सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक अधिनियम, 1984 याचे नाव घ्यावे; त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पाणी किंवा वीजपुरवठ्याशी संबंधित मालमत्तेची हानी झाली असल्यास किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी, आणि आग लावून नुकसान केले असल्यास एक ते दहा वर्षांची. भिंतीवर नुसते रंग फासले असतील, तर विद्रूपणाचा 1995 चा राज्य कायदा वेगळा आहे; त्यात शिक्षा बरीच सौम्य आहे.

दखलपात्र गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग घटना त्या हद्दीत घडलेली नसली तरी चालते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास तीच हकिकत पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवावी, आणि तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मालक कार्यालयाची पोच या दोन्ही अर्जांना जोडावी.