लघवीचं कल्चर: डबीपासून रिपोर्टपर्यंत या चुका टाळा

लघवीच्या कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीच्या रिपोर्टवर 'ई. कोलाय (आतड्यातला एक जिवाणू), दर मिलिलिटरला एक लाखाहून जास्त' असं छापून आलं की पुढचं सगळं सवयीने होतं. डॉक्टर औषध लिहितात, पेशंट आठवडाभर गोळ्या घेतो. हे एक लाख जिवाणू मूत्राशयात होते की डबीत झाले, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. इन्क्युबेटरला (जिवाणू वाढवायच्या उबदार पेटीला) ते कळणं शक्य नाही. प्लेटवर (जिवाणूंच्या खाद्याचा घट्ट थर असलेल्या बशीवर) जे टेकवाल ते वाढतं, मग ते मूत्रपिंडातून आलेलं असो, कातडीवरचं असो, नाहीतर दुपारभर टेबलावर उकडत पडलेल्या डबीतलं.

नमुना घेतानाच्या चुका

मूत्रमार्गाच्या शेवटच्या टोकाला जिवाणू कायमचे वस्तीला असतात. पहिली धार त्यांना धुऊन नेते. म्हणून पहिली धार सोडायची, मधली डबीत घ्यायची, उरलेली पुन्हा सोडायची. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि नेमकं तेवढंच राहून जातं. हातात डबी देऊन "बाथरूम तिकडे" म्हटलं की पेशंट पहिल्या थेंबापासून डबी भरतो, तीही काठोकाठ.

बायकांना स्पष्ट सांगावं लागतं: साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, बाहेरची कातडी दोन बोटांनी बाजूला धरा, मग लघवी सुरू करा आणि धार न थांबवता मधेच डबी पुढे करा. जंतुनाशक लावायला सांगू नका, त्याचे थेंब डबीत उतरले तर खरे जिवाणूही मरतात. डबी निर्जंतुक आणि रुंद तोंडाची हवी. घरून कुणी औषधाची बाटली उकळून आणली तर ती रुटीन तपासणीला चालवून घ्या, कल्चरला नको.

तान्ह्या बाळाला चिकटपट्टीची पिशवी लावून घेतलेला नमुना एकाच बाबतीत कामाचा: काही वाढलं नाही, तर संसर्ग नाही असं धरता येतं. वाढलं तर त्यावर उपचार ठरवू नयेत, कॅथेटरने (मूत्राशयात घालायच्या नळीने) किंवा सुईने पुन्हा नमुना घ्यावा.

कॅथेटर असलेल्या पेशंटच्या पिशवीतली लघवी कल्चरला पाठवणं ही वॉर्डातली सगळ्यात जुनी चूक. पिशवीत ती कित्येक तास साचलेली असते. नळीला चिमटा लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, नमुन्यासाठीचं रबरी तोंड स्पिरिटने पुसा, ते वाळू द्या आणि सिरिंजने घ्या. कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर आधी बदला आणि नव्यातून नमुना घ्या, कारण जुन्या नळीच्या आत जिवाणूंचा थर साचतो आणि कल्चरमध्ये तोच उगवतो. काढलेल्या फोली कॅथेटरचं टोक कापून पाठवायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्यातून काहीही कळत नाही, लॅबने ते घेऊच नये.

अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन मग डबी भरणं ही तर आपल्याच हाताने निकाल पुसण्याची तऱ्हा.

डबी किती वेळ बाहेर राहिली?

खोलीच्या तापमानाला मुभा दोन तासांची. त्यामागचं गणित सोपं आहे. दर मिलिलिटरला हजार जिवाणूंचे एक लाख व्हायला साधारण सात वेळा दुप्पट व्हावं लागतं. ई. कोलाय पोषक वातावरणात, ३७ अंशाला, वीस मिनिटांत दुप्पट होतो. लघवीत आणि खोलीच्या तापमानाला वेग कमी असतो, पण मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या कलेक्शन सेंटरमध्ये सकाळी आठला घेतलेली डबी दुपारी दोनच्या गाडीने निघाली, तर हा कमी वेगही पुरेसा होतो. बाहेरच्या जिवाणूंची किरकोळ भेसळ असलेला नमुना संध्याकाळपर्यंत 'संसर्ग' होऊन बसतो.

उशीर होणारच असेल तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, २ ते ८ अंशांवर. तिथे २४ तास चालतं. आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, कारण दार दिवसभर उघडझाप होत असतं. फ्रीजरमध्येही नको. बोरिक ॲसिडची नळी वापरत असाल तर खुणेपर्यंत भरा. अर्धीच भरली तर ॲसिडचं प्रमाण दुप्पट होतं आणि जिवाणूंना थोपवून धरण्याऐवजी ते त्यांना मारायला लागतं. आणि डबीवर नमुना घेतल्याची वेळ लिहा. पेशंटचं नाव असतं, वय असतं, वेळ नसते.

लूप आणि प्लेट

लूप (टोकाला कडी असलेली, ठरावीक लघवी उचलणारी काडी) दोन मापांचे: १ मायक्रोलिटर आणि १० मायक्रोलिटर. पहिल्यात एक कॉलनी (एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका) म्हणजे दर मिलिलिटरला १,००० जिवाणू, दुसऱ्यात १००. प्लॅस्टिकच्या लूपचे रंग कंपनीगणिक बदलतात. नवा बॉक्स फोडला आणि रंगावरून माप धरलं, तर सगळे आकडे दहापटीने चुकतात, तेही आठवडाभर कुणाला न कळता.

लघवी हलक्या हाताने ढवळून घ्या. लूप उभा धरून फक्त पृष्ठभागाखाली बुडवा आणि सरळ वर काढा. तिरका धरला किंवा दांड्यापर्यंत बुडवला तर दांड्याला चिकटलेला थेंबही सोबत येतो. धातूचा लूप तापवून लगेच बुडवला की 'चर्र' आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे मोजदाद फुकट गेली. लूप पुन्हा तापवा, थंड होऊ द्या, मग बुडवा. प्लेटवर मधोमध एक उभी रेघ, मग तिला आडवे छेद देत वरून खाली दाट नागमोडी. सुट्या कॉलन्या मिळवण्यासाठी चार भागांत पसरवतात तसं इथे पसरवलं तर कॉलन्या मोजता येत नाहीत.

प्लेट ओली असेल तर कॉलन्या वाहत एकमेकींत मिसळतात. आगर (प्लेटवरचा थर घट्ट करणारा पदार्थ) फार गरम असताना ओतलं की झाकणाखाली पाणी साचतं. ४५ ते ५० अंशांपर्यंत उतरू द्या, मग ओता. (पूर्वी प्लेट जिलेटिनच्या असत आणि इन्क्युबेटरच्या तापमानाला वितळत. आगर वापरायची कल्पना जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पोचली ती तिथल्या एका संशोधकाच्या पत्नी फॅनी हेस यांच्या स्वयंपाकघरातून.) वापरण्याआधी प्लेट सुकवा आणि इन्क्युबेटरमध्ये पालथ्या ठेवा.

पैसे वाचवायला नुसतं मॅकॉन्की आगर लावणाऱ्या लॅब आहेत. ई. कोलाय, क्लेबसिएला त्यावर छान गुलाबी येतात. पण त्यात क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग असेल तर स्टॅफिलोकोकस सॅप्रोफायटिकस, एंटेरोकोकस दबून जातात आणि रिपोर्ट 'नो ग्रोथ' जातो. नुसतं ब्लड आगर लावलं तर प्रोटियसची एक कॉलनी लाटांसारखी वर्तुळं करत सगळ्या प्लेटवर पसरते आणि तिच्याखालचं काही दिसत नाही. एकच माध्यम परवडत असेल तर सीएलईडी आगर घ्या. त्यावर ई. कोलायसारखे आणि एंटेरोकोकससारखे दोन्ही गट वाढतात, प्रोटियस जागच्या जागी राहतो, लॅक्टोज (दुधातली साखर) आंबवणारे पिवळे दिसतात आणि न आंबवणारे निळसर.

ओळखताना होणारे घोटाळे

ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून जांभळे ग्रॅम पॉझिटिव्ह आणि गुलाबी ग्रॅम निगेटिव्ह असे गट पाडण्याच्या पद्धतीत) जवळजवळ सगळी गडबड रंग उतरवण्याच्या पायरीवर होते. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट. मग ॲसिटोन वापरत असाल तर दोन-तीन सेकंद, ९५ टक्के अल्कोहोल असेल तर दहा ते वीस सेकंद, आणि लगेच पाणी. शेवटी सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट. ॲसिटोनला अल्कोहोलचा वेळ दिला की जांभळे कॉकाय (गोल जिवाणू) गुलाबी होतात. स्मिअर (काचेवर पसरलेला थर) जाड असेल तर उलटं, रंग उतरतच नाही. दोन दिवस जुन्या कॉलनीतले ग्रॅम पॉझिटिव्हही गुलाबी दिसू शकतात, म्हणून १८ ते २४ तासांचीच वाढ घ्या. त्याच स्लाइडच्या दोन टोकांना माहितीतला स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय लावा. ते चुकीचे दिसले तर मधलाही वाचायचा नाही. तरीही शंका उरली तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी मिसळा आणि लूप हळू वर उचला. ग्रॅम निगेटिव्ह असेल तर चिकट तार येते.

ऑक्सिडेज टेस्टसाठी (यात जिवाणूच्या विकरामुळे अभिकर्मक जांभळा होतो) निक्रोमचा, म्हणजे निकेल-क्रोमियमचा लूप वापरू नका, त्या धातूनेही अभिकर्मक जांभळा होतो. लाकडी काडी घ्या आणि दहा सेकंदांत वाचा. त्यानंतर आलेला रंग धरायचा नाही. मॅकॉन्कीवरच्या गुलाबी कॉलन्यांवर ही टेस्ट करू नका, तिथलं ॲसिड निकाल बिघडवतं. कॅटॅलेज टेस्टला (यात हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडबुडे येतात का ते बघतात) ब्लड आगरवरची कॉलनी खरवडून घेतली तर लाल पेशींमधलं कॅटॅलेज बुडबुडे काढतं आणि एंटेरोकोकसला स्टॅफिलोकोकस ठरवतं. टीएसआयमध्ये (साखर आंबवणं आणि गॅस बघायच्या, तिरका उतार असलेल्या आगरच्या नळीत) सरळ तार खुपसा, लूप नको. लूपने आगर फाटतं आणि ती भेग गॅस वाटते. नळीचं झाकण सैल ठेवा आणि १८ ते २४ तासांच्या आत वाचा. घट्ट झाकणामुळे उतार पुन्हा लाल होत नाही आणि साल्मोनेला वाचताना ई. कोलायसारखा वाटतो.

या सगळ्या टेस्ट एकाच सुट्या कॉलनीपासून लावलेल्या हव्यात. इंडोल टेस्ट एका जिवाणूची, युरिएज टेस्ट दुसऱ्याची, असं मिश्रण तपासलं की कोणत्याच तक्त्यात न बसणारा 'नवा' जिवाणू सापडतो.

नाव आणि अँटिबायोटिक जुळतंय का?

चूक पकडायची ही सगळ्यात स्वस्त जागा आहे, फक्त रिपोर्टवर सही करण्याआधी दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचावे लागतात. क्लेबसिएला न्यूमोनिए जात्याच ॲम्पिसिलिनला दाद देत नाही. रिपोर्टमध्ये तो 'सेन्सिटिव्ह' (औषधाने मरणारा) असेल तर नाव चुकलंय, नाहीतर डिस्क (प्लेटवर ठेवायची औषधाची कागदी चकती). प्रोटियस मिराबिलिस नायट्रोफ्युरँटॉइनला आणि कोलिस्टिनला जन्मजात रेझिस्टंट. एंटेरोकोकससमोर सेफॅलोस्पोरिन लिहूच नये, डिस्कभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ कितीही मोठं दिसो. नायट्रोफ्युरँटॉइन फक्त मूत्राशयाच्या संसर्गात उपयोगी, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतींत ते पुरेसं पोचत नाही. तापाने फणफणलेल्या, कंबर धरून बसलेल्या पेशंटच्या रिपोर्टवर ते पहिल्या ओळीत सेन्सिटिव्ह असलं तरी उपयोगाचं नाही. कोलिस्टिन आगरमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे त्याची डिस्क लावणं व्यर्थ. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषध टप्प्याटप्प्याने पातळ करून तपासणं) लागतं.

डिस्क पद्धतीत जिवाणूंची घनता ०.५ मॅकफारलंड (द्रावणाच्या गढूळपणाचं माप) हवी, म्हणजे दर मिलिलिटरला साधारण १५ कोटी. ती डोळ्यांनी अंदाजे ठरवली जाते आणि तिथेच पाय घसरतो. द्रावण दाट झालं तर वर्तुळं आखडतात आणि चांगलं औषध रेझिस्टंट ठरतं. पातळ झालं तर वर्तुळं फुगतात, आणि ही चूक जास्त धोक्याची, कारण निकामी औषध पेशंटला मिळतं. काळ्या रेघांच्या पांढऱ्या कार्डासमोर मानक नळीशी ताडून बघा. द्रावण पंधरा मिनिटांत वापरा. स्वॅब नळीच्या भिंतीला दाबून पिळा आणि प्लेट दर वेळी ६० अंश फिरवत तीनदा पसरवा.

डिस्क ज्यावर लावतात त्या म्युलर-हिंटन आगरची जाडी ४ मिलिमीटर. पातळ प्लेटवर वर्तुळ मोठं येतं, जाड प्लेटवर लहान. १०० मिलिमीटरच्या प्लेटवर पाच-सहा डिस्क पुरे. आठ-दहा कोंबल्या की वर्तुळं एकमेकांत घुसतात आणि मोजपट्टी कुठे लावायची तेच कळत नाही. डिस्कची बाटली फ्रिजमधून काढून लगेच उघडू नका, आत दव धरतं आणि बीटा-लॅक्टम औषधं, त्यातही इमिपेनेम आणि क्लॅव्ह्युलॅनेट, ओलीने लवकर खराब होतात. तास-दोन तास बाहेर ठेवा, मग उघडा. प्लेट १६ ते १८ तास ३५ अंशांवर ठेवा.

ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा नियंत्रण वाण (ज्याचे निकाल आधीच माहीत असतात) ठेवा. जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमला त्याचं वर्तुळ १९ ते २६ मिलिमीटरमध्ये यायला हवं. सगळ्याच डिस्कची वर्तुळं एकदम लहान आली तर संशय द्रावणावर किंवा आगरवर घ्या. एकाच डिस्कचं लहान आलं तर ती बाटली टाकून द्या.

एक लाख हा आकडा

१९५० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड कास या डॉक्टरांनी बाहेरची भेसळ आणि मूत्राशयातला खरा जिवाणू यांच्यात फरक करायला ही रेघ आखली. ती सगळ्यांना सरसकट लावणं चूक. जळजळ होणाऱ्या तरुण बाईला दर मिलिलिटरला हजार किंवा त्याहून कमी ई. कोलायनेही मूत्राशयाचा दाह होतो. १ मायक्रोलिटरच्या लूपवर शंभर जिवाणू बहुधा दिसतच नाहीत, म्हणून अशा पेशंटला १० मायक्रोलिटरचा लूप वापरा. त्यासाठी फॉर्मवर लक्षणं लिहिलेली हवीत. 'आर/ओ यूटीआय' (मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, बघा) एवढ्यावर लॅब काहीच ठरवू शकत नाही. सुईने मूत्राशयातून थेट घेतलेल्या नमुन्यात तर एखादी कॉलनीही महत्त्वाची.

याच्या उलट बाजूला मधुमेही किंवा म्हातारं माणूस. लक्षण एकही नाही, पण एक लाखाहून जास्त ई. कोलाय, पस सेल्सही (पूच्या पेशी) भरपूर. तिथे सहसा औषध द्यायचं नसतं. गरोदरपणात आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधी मात्र द्यायचं. तीन किंवा जास्त प्रकारचे जिवाणू मिसळून आले तर त्यातला एक निवडून सेन्सिटिव्हिटी लावण्याचा मोह टाळा. 'नमुना दूषित, पुन्हा पाठवा' एवढंच लिहा. लघवीत स्टॅफिलोकोकस ऑरियस आला आणि कॅथेटर नसेल तर डॉक्टरांना फोन करा, तो रक्तातून उतरलेला असू शकतो आणि ब्लड कल्चर लागतं.

आणि पस सेल्स भरपूर, कल्चर मात्र पुन्हा पुन्हा कोरं? आधी विचारा, नमुन्याआधी अँटिबायोटिक घेतलं होतं का. नसेल तर आपल्याकडे मूत्रपिंडाचा टीबी विसरून चालत नाही. तो सीएलईडीवर कधीच दिसणार नाही. त्यासाठी ओळीने तीन दिवस, सकाळची पहिली, पूर्ण लघवी मोठ्या निर्जंतुक भांड्यात मागवा. इथे मधल्या धारेचा नियम लागू नाही. फॉर्मवर 'टीबी कल्चर' असं स्पष्ट लिहा, नाहीतर तोही नमुना रोजच्या प्लेटवर जाईल आणि तिसऱ्यांदा 'नो ग्रोथ' येईल.